एका युद्धाची तीन नावं



‘सॉफ्टवेअरवालीच्या घरी जपानच्या इतिहासाची एवढी पुस्तकं कशाला?’ हे सकाळपासून चौघांनी विचारलं. म्हणून एकाच युद्धाबद्दल सांगते.

१५९२ मध्ये जपानच्या हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली. त्याला चीन जिंकायचा होता, कोरिया वाटेत होता. जपानी लोक या युद्धाला आपल्या बुन्रोकु आणि केइचो या कालखंडांचं नाव देतात, चिनी आपल्या वानली बादशहाचं. कोरियन नावाचा अर्थ मात्र ‘इम्जिन सालचा जपान्यांचा उत्पात’. कोणाच्या घराला आग लागली होती, ते नावातच कळतं.

जॉर्ज सॅन्सम यांचा जपानच्या इतिहासाचा तीन खंडी ग्रंथ माझ्या संग्रहात आहे, उत्तम आहे. पण त्याच्या शेजारी यू सॉन्ग-न्योंग या कोरियन मंत्र्याचं ‘जिंगबीरोक’ हवंच. युद्धकाळात कारभार पाहणाऱ्या या माणसाने आपल्याच दरबाराचा ढिसाळपणा लिहून ठेवला. आणि गंमत म्हणजे, १६९५ मध्ये ते क्योटोत छापलं गेलं. चढाई करणाऱ्यांच्याच देशात!

त्यामुळे माझ्या कपाटात देशवार कप्पे नाहीत, सालवार आहेत. घरच्यांना काही सापडत नाही, ती तक्रार रास्त आहे. नवं पुस्तक घेताना मी एवढंच बघते, की या प्रकरणाची दुसरी बाजू आपल्याकडे आहे का? नसेल तर आधी ती.

कुणाला वाचायचं असेल तर जेवताना मला गाठा. हे ‘जिंगबीरोक’ इंग्रजी अनुवादात आहे, कोरियन शिकायला नको.