तंतुवाद्ये आणि मुळशीची हवा



मुळशीत पाऊस कसा पडतो, हे मुळशीकरांना सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ताम्हिणीच्या अंगाला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. पूर्वेला हिंजवडीकडे तो बराच ओसरतो. ह्याच पावसावर आपला आंबेमोहर पिकतो. परंतु भाताला जे मानवते ते वाद्याच्या लाकडाला मानवत नाही. पूर्वी घरात पेटी असे, क्वचित तंबोरा असे. आता मुलामुलींच्या हौसेने गिटारही आली आहे. ह्या पाहुणीचे घरात नीट कसे व्हावे, एवढाच आजचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण त्यात एक मोठे नुकसान दडलेले आहे. उन्हाळ्यात हौसेने घेतलेली गिटार श्रावणात वाजवायला कठीण होते. तारा पट्टीपासून वर उचललेल्या असतात, त्या दाबताना बोटे दुखतात, आवाज दबका निघतो. मूल कंटाळते, आणि घरातली मंडळी म्हणतात, "ह्याला गळा नाही की हात नाही." दोष हवेचा आणि शिक्षा मुलाला! वाद्य माळ्यावर जाते आणि त्याबरोबर एक आवडही माळ्यावर जाते.

असे का होते? लाकूड झाड तुटल्यावरही हवेतले पाणी घेत-टाकत राहते. मात्र ते लांबीत जवळजवळ वाढत नाही. फुगते आणि आक्रसते ते रेषांच्या आडव्या दिशेने. गिटारीची वरची फळी अवघी अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि आतून तिला आडव्यातिडव्या पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या असतात. फळीला पसरायचे असते, पट्ट्या तिला पसरू देत नाहीत. मग ती पोट काढते. पोटाबरोबर घोडी वर येते आणि घोडीबरोबर तारा. त्यातच पोलादी तारांच्या गिटारीवर सगळ्या तारांचा मिळून सुमारे सत्तर किलोचा ताण अहोरात्र असतो. चैत्र-वैशाखात ह्याच्या उलट घडते. लाकूड आक्रसते, तारा खाली येऊन खरखरतात, पट्टीच्या कडेला धातूच्या पडद्यांची टोके हाताला बोचू लागतात, आणि शेवटी फळीला चीर जाते. फुगलेले वाद्य पुष्कळदा पूर्ववत होते; चीर मात्र कारागिरावाचून सांधत नाही.

हवेच्या ह्या गुणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. त्या उष्णतेच्या हवेत जितके पाणी मावेल त्याच्या शेकडा किती आहे, हा तो हिशेब. गिटारीला ४५ ते ५५ टक्के मानवतात. ७० च्या वर गेले की बुरशीची भीती. मुळशीच्या पावसाळ्यात आकडा ९० च्या घरात जातो. म्हणून पहिली खरेदी आर्द्रतामापकाची करावी. तो खरे बोलतो की नाही हेही पाहता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्याने घट्टसर भिजवावे आणि मापकासह बंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी ७५ दिसले पाहिजेत. ८० दिसले तर त्या मापकाच्या आकड्यातून नेहमी पाच वजा करावेत.

आता व्यवस्था. वाद्य भिंतीवर टांगणे शोभते खरे, पण पावसाचा मारा खाणारी भिंत आतूनही ओली असते. वाद्याची जागा घट्ट पेटीत, आणि पेटीची जागा आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वर. माळा नको, कारण पत्र्याखाली तापलेला माळा सरस सैल करतो. उन्हात उभी केलेली बंद मोटारही तेच करते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलला की मंद आचेवर तापवून त्या पुन्हा वापरता येतात. मात्र निळ्या जातीत कोबाल्टचे क्षार असतात, तेव्हा नारिंगी जात घ्यावी आणि मुलांपासून दूर ठेवावी. तांदळाची पुरचुंडी ठेवण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. तिने ओल फारशी हटत नाही, पोरकिडे मात्र येतात.

कपाटात लहान दिवा लावण्याची जुनी रीतही शास्त्राला धरून आहे. २५ अंशांवर ९० टक्के ओली हवा ३० अंशांपर्यंत तापली की तीच ६८ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तितकेच राहते, हवेची पाणी मावून घेण्याची शक्ती वाढते. दिवा कापडापासून आणि लाकडापासून दूर असावा, एवढे पथ्य. वातानुकूलित खोलीतून वाद्य बाहेर आणले तर पेटी लगेच उघडू नये. गार लाकडावर आणि तारांवर दव धरते. उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज घालून ती पेटीत ठेवावी. थेंब मात्र गळता कामा नये.

ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांनाही हेच लागू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती त्या गावच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांची पावती आहे. पण भोपळा हा भोपळाच. तो धक्क्याने फुटतो, ओलीने बुरसतो, किड्यांना आवडतो. त्याखाली कापडाची चुंबळ द्यावी, आणि वाद्य बराच काळ वाजणार नसेल तर तारा थोड्या उतरवाव्यात, अगदी सैल करू नयेत.

आपल्याकडे दसऱ्याला वाद्याची पूजा करतात. पाऊस सरतो तोच हा काळ. त्या दिवशी हळदकुंकवाआधी वाद्य उजेडात धरून पाहावे: पोट आले आहे का, पट्टी सरळ आहे का, सांधा उकलला आहे का. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, सुरात लावावे, आणि मुलाच्या हाती द्यावे. बारा महिने जो रोज वाद्य उघडतो, त्याला बिघाड पहिल्याच आठवड्यात दिसतो. वाजते वाद्य क्वचित बिघडते, आणि बिघडलेच तर वेळेवर दुरुस्तीला जाते.