हमीपत्राची मागची बाजू

वीज गेली, दिवा एकदां मिचकला आणि जिन्याजवळच्या पेटींतून भुंग्यासारखा आवाज सुरू झाला, कीं घरांतील मंडळी पुन्हां आपापल्या कामाला लागतात. पंखा फिरत असतो, मुलाचें पुस्तक उघडेंच असतें. इन्व्हर्टर या वस्तूची घराला आठवण होते ती ती बंद पडल्यावरच. महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत ही पेटी मोठ्या प्रमाणावर शिरली ती या शतकाच्या पहिल्या दशकांत. त्या वर्षांत भारनियमन हा शब्द पोराटोरांच्या तोंडीं झाला होता आणि कित्येक गांवांतून रोज कांहीं तास वीज नसे. पुढें तो काळ सरला. पेटी मात्र राहिली. वादळवारा आणि दुरुस्ती हीं निमित्तें अजून आहेत, आणि माणसांची अंधाराची संवय मात्र मोडली आहे.

या पेटीला जोडलेल्या बॅटरीबरोबर एक जाड, गुळगुळीत कागद येतो. त्याच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत '६० महिने' असें छापलेलें असतें. मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत बरेंच कांहीं असतें. तें वाचण्याचा प्रसंग बॅटरी विकत घेतांना येत नाहीं. दुकानदार शिक्का मारतो, गिऱ्हाईक कागद घडी घालून कपाटांत ठेवतें, आणि दोघेहि एकमेकांस नमस्कार करून निरोप घेतात.

असें एक घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. नाशिक शहर, जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लिफ्ट नाहीं. घरांत दोघेंच: शाळेंत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर आणि त्यांची पत्नी. बाईंना फुप्फुसांचा जुना विकार आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांना रात्रभर नाकाशीं प्राणवायूची नळी लागते. हा प्राणवायु खोलींतल्या हवेंतूनच वेगळा काढणारें एक यंत्र पलंगाशेजारीं असतें. हवेंतील नायट्रोजन झिओलाइट नांवाच्या खनिजाच्या कणांत अडकवावयाचा आणि उरलेला प्राणवायु पुढें सोडावयाचा, अशी त्याची रीत. यंत्र लहान, पण भूक मोठी. मिनिटाला पांच लिटर देणाऱ्या यंत्राला साधारणतः ३०० ते ३५० वॉट वीज लागते, म्हणजे चारपांच पंख्यांएवढी.

मास्तरांनीं बॅटरी घेतली ती हिशेब करूनच. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. त्यांतून इन्व्हर्टरची गळती वजा जाते. शिवाय ही बॅटरी जितकी घाईनें रिकामी करावी तितकी ती कमी देते. एवढें सोडूनहि तीन तास निघावेत, आणि पहिलीं दोन वर्षें ते निघत होते. बॅटरी घेतली होती १० जुलैला. तिसऱ्या वर्षाचा एक महिना उरला असतां, जूनमध्यें, वळवाच्या पावसांत रात्रीं दोन वाजतां वीज गेली आणि चाळीस मिनिटांत पेटी किंचाळूं लागली. मास्तर जागे झाले तेव्हां बाई उठून बसल्या होत्या. नळी नाकाशींच होती. तिच्यांतून कांहीं येत नव्हतें. वीज परत आली ती पंचवीस मिनिटांनीं. त्या पंचवीस मिनिटांविषयीं पुढें दोघेंहि कधीं फारसें बोललीं नाहींत.

अशा घरीं भरलेलें सिलिंडर राखीव असावें, असें डॉक्टर सांगतात आणि तें योग्यच आहे. मास्तरांनीं तें दुसऱ्याच दिवशीं भाड्यानें आणलें. पण घरानें सावध असावें हें जितकें खरें, तितकेंच विकलेल्या मालानें आपलें काम करावें हेंहि खरें. पहिल्या सत्याचा आडोसा घेऊन दुसऱ्यांतून निसटूं पाहणारे पुष्कळ असतात.

शिशाची बॅटरी ही कांहीं गूढ वस्तु नव्हे. १८५९ मध्यें गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें ती प्रथम बनविली. १८८१ मध्यें कामीय फोर यानें पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तिची शक्ति वाढविली. मूळ रचना आजहि तीच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा कप्पे असतात, प्रत्येक दोन व्होल्टहून किंचित् अधिक. बॅटरी वापरली जात असतांना गंधकाम्ल पट्ट्यांत शिरतें व मागें पाणी उरतें. ती भरतांना आम्ल परत बाहेर येतें. म्हणून आम्लाचा दाटपणा पाहिला कीं बॅटरीच्या पोटांतलें कळतें. तो पाहण्याची कांचेची नळी, हायड्रोमीटर, फार महाग नसते, आणि मास्तरांच्या कपाटांत तर ती होतीच. त्यांनीं इन्व्हर्टर रात्रभर चालूं ठेवून बॅटरी भरली आणि सकाळीं एकेका कप्प्यांत नळी बुडवून आंकडे वहींत मांडले. पांच कप्पे १·२४ ते १·२५ यांच्या दरम्यान होते. चौथा १·१२.

रोग सांपडला होता. आतां तो मान्य करून घ्यावयाचा होता, आणि येथून पुढें पदार्थविज्ञानाचा कांहीं उपयोग नव्हता.

दूरध्वनीवर तक्रार नोंदली गेली. एक लांबलचक क्रमांक मिळाला. मास्तरांनीं तो वहींत आंकड्यांशेजारींच, तारीख घालून लिहिला. चौथ्या दिवशीं कंपनीचा एक तरुण कारागीर आला. त्यानें दोन तारा लावल्या, १२·४ व्होल्ट असा आंकडा वाचला आणि बॅटरी ठीक असल्याचें सांगितलें. त्याच्या आंकड्यांत लबाडी नव्हती. शांत बसलेल्या कप्प्याचा दाब हा त्यांतील आम्लाच्या दाटपणांत ०·८४ मिळविले असतां जवळजवळ येतो. म्हणजे निरोगी कप्प्याचा दाब २·०९ आणि आजाऱ्याचा १·९६. सबंध बॅटरींत फरक पडतो तो व्होल्टच्या आठव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यानें कोणाचें लक्ष जाणार? खरी परीक्षा भार घातल्यावर होते. तेव्हां आजारी कप्पा सर्वांआधीं रिकामा होतो आणि उरलेल्या पांचांनाहि खालीं ओढतो. मास्तरांनीं हें सर्व शाळेंत सांगावें तसें सांगितलें. त्या मुलानें हायड्रोमीटर हातीं घेतला, चौथ्या कप्प्यांत बुडविला, आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "सर, सेल गेलाय हें मला दिसतंय. पण माझ्या मशीनला दिसत नाहीं, आणि मशीनची चिठ्ठी लागते."

या एका वाक्यांत सगळ्या हमीपत्राचें सार आहे. ज्याला देणें द्यावयाचें आहे त्याच्याच हातीं तराजू, आणि तराजूचीं मापेंहि त्याच्याच घरचीं. गिऱ्हाइकाची वही ही त्याच्या लेखीं वही नव्हेच.

पुढें बॅटरी 'निरीक्षणा'साठीं सेवाकेंद्रांत न्यावी लागली. तिचें वजन पन्नास किलोंहून अधिक, तीन जिने, दोन हमाल आणि एक टेम्पो. वाहतुकीचा खर्च गिऱ्हाइकाचा, हें मागच्या बाजूच्या सहाव्या कलमांत होतें. तोंपर्यंत दुसरी बॅटरी मिळावी, ही विनंती कलमांत बसत नव्हती. दहा रात्री मास्तर खुर्चींत बसून राहिले, सिलिंडरची चावी हातांशीं ठेवून. वीज त्या दहा दिवसांत दोनदांच गेली. पण ती कोणत्या रात्रीं जाणार नाहीं हें आधीं कोणी सांगत नसल्यामुळें जागावें दहाहि रात्री लागलें.

बॅटरी परत आली ती एका चिठ्ठीसह: 'चार्ज केली. दोष आढळला नाहीं.' जुलैच्या पहिल्या आठवड्यांत तिनें पुन्हां पाऊण तासांत मान टाकली. दुसरी तक्रार नोंदविण्यासाठीं चार दिवस फोन लागला नाहीं; लागला तेव्हां १४ जुलै उजाडला होता. पलीकडच्या गोड आवाजानें कळविलें कीं ग्राहकाची बॅटरी आतां दुसऱ्या कालखंडांत आहे.

तेव्हां कुठें साठ महिन्यांचा अर्थ उलगडला. पहिले ३६ महिने मोफत बदल. उरलेल्या २४ महिन्यांत केवळ सूट. आणि ही सूट कशावर? छापील किमतीवर. समजा, बॅटरीची छापील किंमत २०,००० रुपये आहे आणि बाजारांत ती १५,००० ला मिळते, कारण छापील किमतीला बॅटरी सहसा कोणी घेत नाहीं. वीस टक्के सूट मिळाली तर हमीदार ग्राहकाला ती १६,००० ला पडते. ज्याच्याजवळ हमीपत्रच नाहीं त्याला १५,००० ला. शिवाय जुनी बॅटरी कंपनीकडे जमा करावयाची, म्हणजे तिच्यांतील शिशाचे जे पैसे भंगारवाला देतो तेहि गेले. असें हमीपत्र जवळ असण्यापेक्षां हरवलेलें बरें, असें मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, आणि त्यांचें गणित बरोबर होतें.

पण मास्तर त्या दिवशीं चिडले ते सुटीच्या रकमेमुळें नव्हे. त्यांना लागलें तें हें, कीं दोष कालमर्यादेच्या आंत दाखविला होता आणि मर्यादा ओलांडली ती ज्यानें तो पाहण्याचें नाकारलें त्याच्या दिरंगाईनें. घड्याळहि त्याच्याच घरचें निघालें.

या बाबतींत महाराष्ट्राचा ग्राहक कांहीं अगदींच पोरका नाहीं. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ मध्यें पुण्यास ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि १९८६ मध्यें देशाला ग्राहक संरक्षणाचा कायदा मिळाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें ग्राहकाला आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क पडत नाहीं. वकील केलाच पाहिजे असें नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी, कीं तपासल्यावांचून दोष ठरत नसेल तर आयोग तो माल योग्य प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो, आणि तिनें ४५ दिवसांत अहवाल द्यावा अशी अपेक्षा आहे. चाचणीचें शुल्क मात्र आधीं तक्रारदारालाच भरावें लागतें. तरी तराजू एकदां तिसऱ्याच्या हातीं जातो, हें थोडें नव्हे. निकाल तीन महिन्यांत, आणि चाचणी लागल्यास पांच महिन्यांत लागावा, असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत पुष्कळदां त्याहून कितीतरी अधिक काळ जातो. प्राणवायूच्या यंत्राला तेवढी सवड नसते. म्हणून बहुतेक शहाणीं माणसें प्रथम १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवितात आणि लेखी नोटीस पाठवितात. मास्तरांनीं दोन्ही केलें.

त्यांचें पत्र दीड पानाचें होतें आणि त्यांत एकहि विशेषण नव्हतें. पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि जूनमधील तारीख. सहा कप्प्यांचे आंकडे, तीन वेगवेगळ्या दिवशीं घेतलेले. ३४० वॉटच्या भारावर बॅटरी किती मिनिटें चालली त्याची नोंद. हमाल व टेम्पो यांची पावती. शेवटीं एकच मागणी होती: सेवाकेंद्रानें दहा दिवसांच्या निरीक्षणांत प्रत्येक कप्प्याचा दाटपणा काय मोजला, तो लेखी कळवावा.

तो कधींच कळविण्यांत आला नाहीं. एकोणीस दिवसांनीं उत्तर आलें कीं ग्राहकाच्या दीर्घ संबंधांचा विचार करून 'विशेष बाब म्हणून' बॅटरी बदलून देण्यांत येत आहे. जें देणें होतें तें देणगी म्हणून आलें. मास्तरांनीं तें पत्र दोनदां वाचलें आणि पाकिटांत घातलें. नाकारावें असें त्यांना एक क्षण वाटलें. पण आंतल्या खोलींत यंत्राची घरघर चालूं होती आणि बाहेर पावसाची लक्षणें होतीं.

नवी बॅटरी घेऊन तोच तरुण कारागीर आला. नवें हमीपत्रहि आलें. पुढच्या बाजूला तेच '६० महिने', आणि मागें हातानें लिहिलेली तारीख जुन्याच बॅटरीची, कारण बदलून दिलेल्या मालाला मूळ मालाचीच उरलेली मुदत लागू होते. म्हणजे मोफत बदलाचा काळ ही बॅटरी जिना चढण्यापूर्वींच संपला होता. मास्तरांनीं तें वाचलें, मान हलविली आणि वही काढली. बॅटरी भरेपर्यंत त्यांनीं त्या मुलाला चहासाठीं बसवून ठेवलें. मग सहाहि कप्प्यांत एकेक करून नळी बुडविली, आंकडे लिहिले, तारीख घातली आणि वही त्याच्यापुढें सरकविली. त्यानें पेन मागून घेतलें आणि सही केली.