प्रसारमाध्यमे आणि दानाचा ओघ



दात्याच्या अंतःकरणात करुणा असते, हे निर्विवाद. परंतु ती कोणत्या गावाकडे वळावी, हे बहुतेक वेळा वृत्तपत्राचे पहिले पान आणि दूरचित्रवाणीचा पडदा ठरवीत असतो.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. महायुद्धाचा काळ, बातम्यांवर निर्बंध. सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीरदेखील केला नव्हता. त्या वर्षीच्या २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी उपासमारीची छायाचित्रे छापली आणि दिल्ली व लंडन येथील मौनाला तडा गेला. अन्न त्या छायाचित्रांनी पिकले नाही. मात्र ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरली नाही. स्वतंत्र वृत्तपत्रे व लोकशाही असलेल्या देशात मोठा भूकबळी घडत नाही, या अमर्त्य सेन यांच्या प्रतिपादनामागे बंगालचा हाच अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने त्याची प्रचिती दिली. वृत्तपत्रे, विधिमंडळ, मोर्चे या सर्वांचा रेटा असा होता, की मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली.

एवढे श्रेय माध्यमांना दिल्यावर त्यांची दुसरी बाजूही पाहणे प्राप्त आहे. थॉमस आयझेन्से व डेव्हिड स्ट्रॉम्बर्ग या अभ्यासकांनी १९६८ ते २००२ या काळातील सुमारे ५ हजार नैसर्गिक आपत्ती तपासून २००७ साली निष्कर्ष मांडले. आपत्ती ऑलिम्पिक सामन्यांच्या दिवसांत कोसळली, तर अमेरिकी सरकारची मदत मिळण्याची शक्यता घटते, कारण बातमीची जागा खेळाने व्यापलेली असते. ज्वालामुखीत एक माणूस दगावला तर जेवढी प्रसिद्धी मिळण्याचा संभव, तेवढ्यासाठी अन्नटंचाईत जवळजवळ ४० हजार जीव जावे लागतात! ज्वालामुखीची ज्वाला पडद्यावर दिसते. रिकामे पोट कोणत्या कॅमेऱ्याने टिपावे? पी. साईनाथ यांनी ‘एव्हरीबडी लव्हज् अ गुड ड्रॉट’ (१९९६) या ग्रंथासाठी देशातील अतिगरीब जिल्हे पायाखाली घातले, ते नेमके याच न दिसणाऱ्या दारिद्र्यासाठी.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची दृश्ये घरोघर पोहोचली आणि जगभरातून अभूतपूर्व मदत आली. अवघ्या आठवड्याभरात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने त्सुनामीसाठी पुरेसा निधी जमल्याचे सांगून त्या कारणासाठी अधिक देणग्या घेणे थांबविले. निधी संकलन ऐन भरात असताना असे सांगण्यास धैर्य लागते. इतर काही संस्थांना ते रुचलेही नाही. संस्थेने मग दात्यांना पत्रे लिहून उर्वरित रक्कम अन्यत्र वापरण्याची अनुमती मागितली. बहुतेकांनी ती आनंदाने दिली, आणि तो पैसा नायजर, दारफुर अशा ठिकाणी पोहोचला. दाता समंजस असतो. त्याला कोणी विचारावे मात्र लागते.

इकडे तमिळनाडूत, नागपट्टिणमच्या परिसरात, देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. मच्छीमारांना हव्या होत्या होड्या आणि जाळी. कपड्यांची निकड पडद्यावर कोणी दाखविली होती, कोण जाणे. परंतु कपाट रिकामे करणे सोपे असते. त्या कपड्यांतील बराच भाग पुढे दिल्लीच्या ‘गूंज’ संस्थेने वेगळा करून उपयोगात आणला, तो वर्गीकरणाचे कंटाळवाणे काम करणारे हात मिळाले म्हणून.

महाराष्ट्राच्या स्मरणात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच गणेश विसर्जन झालेले. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील (आजचे धाराशिव) दगडमातीची घरे क्षणार्धात कोसळली व हजारो माणसे त्यांखाली गाडली गेली. पत्रकार आले, तंबू आले, धान्याचे ट्रक आले. याच गर्दीत भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची व निवासाची जबाबदारी पत्करली. ट्रकातील धान्य काही आठवड्यांत संपते. पहिलीतल्या मुलाची दहावी व्हायला दहा वर्षे लागतात. वाघोलीच्या वसतिगृहात त्या मुलांची चाचणी परीक्षा चालू असताना तेथे कॅमेरा लावून बसावे, असे कोणत्याही वाहिनीला वाटण्याचे कारण नव्हते. धान्य, वह्या आणि शिक्षकांचे पगार मात्र दरमहा लागतच होते.