समान वेतनाचा कायदा आणि नोकरीच्या दोन वाटा



केवळ स्त्री म्हणून कोणास कमी वेतन देऊं नये, असें जपानच्या श्रमकायद्यानें १९४७ सालींच सांगितलें. तरीही २०२२ सालीं तेथें पूर्ण वेळ काम करणाऱ्या स्त्रियांचें मध्यम वेतन पुरुषांच्या वेतनाहून सुमारें एक पंचमांशानें कमी होतें. कायदा असून ही तफावत उरली कशी?

कायद्यानें वेतनाकडे पाहिलें. तफावत मात्र त्याच्या आधींच, कामाच्या वाटणींत पडते. १९८५ सालीं समान संधीचा कायदा संमत झाला, तेव्हां अनेक मोठ्या कंपन्यांनीं नोकरीच्या दोन वाटा आंखल्या. ‘सोगोशोकु’ ही बढतीची वाट. पण तींत कंपनी धाडील त्या गांवीं जावें लागे. ‘इप्पानशोकु’ ही कारकुनी साह्याची. तींत बहुधा बदली नाहीं आणि बढतीही बेताचीच. दोन्ही दारें कागदोपत्रीं सर्वांस खुलीं होतीं. परंतु रात्रीं उशिरापर्यंत कचेरींत थांबणें, ज्याचें घर दुसरें कोणी सांभाळतें, त्यालाच जमतें. म्हणून पहिल्या दारानें बहुतेक पुरुष गेले, दुसऱ्यानें बहुतेक स्त्रिया.

त्यांतच वेतन सेवेच्या वर्षांबरोबर वाढतें. मूल झाल्यावर नोकरी सुटली, कीं ती शिडी तुटते. पुढें मिळतें तें बहुधा अर्धवेळ काम.

जुलै २०२२ मध्यें ३०० हून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांस ही तफावत जाहीर करणें सक्तीचें झालें. आंकडा उघड झाला, हें बरेंच झालें. पण कचेरीचे दिवे वेळेवर मालवले जात नाहींत आणि घरचें काम दोघांत वांटलें जात नाहीं, तोंवर तो फारसा हलणार नाहीं.