उशाशी बसणाऱ्याची नजर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्यिक बोलतात, इतिहाससंशोधक बोलतात. तेथे एका परिचारिकेने उभे राहावे, याचे आपणांस थोडे नवल वाटले असेल. पण बारामती-इंदापूरच्या या मुलखात असे घर विरळा, की जेथे कोणी रुग्णाच्या उशाशी रात्र जागून काढली नाही. त्या रात्री नेमके काय पाहावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

‘संध्याकाळी चांगला बोलत होता आणि पहाटे एकाएकी गेला,’ असे आपण म्हणतो. आम्हां परिचारिकांचा अनुभव निराळा आहे. पुष्कळदा शरीर कित्येक तास आधी वर्दी देत असते. ती घेतली जात नाही, म्हणून मरण एकाएकी आल्यासारखे वाटते.

पहिली वर्दी बहुधा श्वासाची. मोठे माणूस स्वस्थ पडले असता मिनिटाला १२ ते २० श्वास घेते. लहान मुलांचे माप निराळे. जंतूंचे विष रक्तात भिनू लागले, फुफ्फुसांत पाणी साचले, पोटात रक्तस्राव होऊ लागला, की श्वास वाढू लागतो. रक्तदाब मात्र शरीर बराच वेळ सावरून धरते, तरुण माणसात तर फारच. म्हणून ‘प्रेशर ठीक आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. श्वास पुरा एक मिनिट मोजावा, आणि रुग्णाला न सांगता मोजावा, कारण सांगितले की त्याचा श्वास बदलतो. आम्ही नाडी पाहिल्यासारखे मनगट धरून ठेवतो आणि नजर छातीवर ठेवतो.

हे आम्ही ग्रंथातून शिकलो, असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. उमेदवारीच्या दिवसांत, एका रुग्णालयात, पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक तरुण शेतकरी आमच्या पाळीत होता. तक्त्यावर दर चार तासांनी श्वास २०, असे लिहिले जात होते. रात्री त्याची आई दोनदा येऊन म्हणाली, “बाई, ह्यो आज येगळाच दिसतोय.” आम्ही तिची समजूत घातली. पहाटे थोरल्या सिस्टरांनी मोजला, तो ३६ भरला. त्या दिवशी दुपारी तो गेला. तक्त्यावरचे ते २० आमच्याच अक्षरातले होते, आणि ते मोजलेले नव्हते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली एक गुणपद्धती घालून दिली व २०१७ साली ती सुधारली. श्वास, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, ताप आणि शुद्ध या सहा गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण. बाहेरून प्राणवायू द्यावा लागत असेल तर आणखी २. श्वास २५ किंवा अधिक झाला, की त्याचेच ३ गुण. बेरीज ५ झाली तर डॉक्टरांना तातडीने बोलवावे; ७ झाली तर तो आणीबाणीचा प्रसंग समजावा. ‘सिस्टरला वाटते’ या शब्दांना रात्री दोन वाजता वजन नसते, आकड्याला असते.

आकडे परदेशचे असले तरी ही दृष्टी आपल्याकडे परकी नाही. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर तांबडा विंचू चावलेल्या रुग्णांजवळ तासन्‌तास बसले. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वचिन्हे आहेत, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. या संशोधनाचे पहिले साधन कोणतेही यंत्र नव्हते, नजर होती.

आता आपल्यापुरते. २०१९ पासून बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. तरीही उजनीच्या काठावरच्या वस्तीतून निघून योग्य खाटेवर पोचावयास वेळ लागतोच. पुण्याचे ससून तर बारामतीहून शंभर किलोमीटरच्या आसपास आणि इंदापूरहून त्याहून दूर. म्हणून ‘सकाळी बघू’ हे शब्द महाग पडतात. म्हातारी आजी रात्रीत बरळू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. नव्याने उपजलेला गोंधळ ही धोक्याची खूण आहे. आणि आम्हांला बोलावताना ‘लई शिरियस आहे’ एवढेच सांगू नका. ‘श्वास ३०, हात गार, दुपारपासून लघवी नाही, मुलाला ओळखत नाही,’ असे सांगा. मग आम्हांलाही धावल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आज घरी गेल्यावर निजलेल्या एखाद्या धडधाकट माणसाचा श्वास मिनिटभर मोजून पाहा. चांगला श्वास ज्याच्या ओळखीचा असतो, त्यालाच बिघडलेला लवकर कळतो. त्या माउलीला तो कळला होता. आम्ही ऐकले नव्हते.