पानावर बसताना स्वतःला बोल लावू नका



‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. पण मनाची एक खोड तिने नेमकी पकडली आहे. ज्या पदार्थाची सक्त बंदी करावी, तोच डोळ्यांपुढे नाचू लागतो. एक घास चुकून खाल्ला, की माणूस म्हणतो, ‘नेम मोडलाच आहे, आता होऊन जाऊ दे!’ आणि मागाहून स्वतःलाच दूषणे देत बसतो.

अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाची हकिगत २००७ साली प्रसिद्ध झाली. कॉलेजच्या काही मुलींना डोनट नावाचा तळलेला गोड पदार्थ खायला दिला. त्यांपैकी काहींना सांगितले, ‘असे सगळेच कधी ना कधी खातात, मनाला लावून घेऊ नका.’ मग चव पाहण्यासाठी गोळ्या-मिठाई पुढे ठेवली. एरवी खाण्यावर कडक बंधने घालणाऱ्या मुलींत, ज्यांना हे दिलाशाचे शब्द ऐकायला मिळाले, त्यांनी पुढे कमी खाल्ले!

यात नवल ते काय? चुकलेल्या मुलाची चारचौघांत फजिती केली, तर त्याचे गणित सुधारत नाही. ‘कुठे अडलं, बघू’ म्हटले, की सुधारते. स्वतःशीही तसेच वागावे. हे लाड नव्हेत. लाड करणारा चूक झाकतो, ममता असलेला ती पाहतो आणि सावरतो.

गुरुजनहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. वयात येताना मुलींच्या अंगावर मांस चढणे हा निसर्गक्रम आहे. तेव्हा कुणी ‘जाडी’ म्हटले, की ती डबा तसाच परत नेते. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या चोपन्न स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. तिथे जेवण टाकणे परवडणारे नाही. म्हणून वर्गात वजने घ्याल, तेव्हा आकडे मोठ्याने वाचू नका. टोपणनाव ऐकलेत, तर तिथेच थांबवा.

आणि मायबहिणींनो, सर्वांचे उरकल्यावर उरलेसुरले खाणे हा काही धर्म नव्हे. भाकरी, डाळ, पालेभाजी यांचा आपला वाटा आधी काढून ठेवा. भूक लागेल तेव्हा जेवा, पोट भरले की थांबा. एखादे दिवशी जास्त झाले, तर दुसऱ्या दिवशी उपास घालून शिक्षा करू नका. नेहमीच्या वेळी नेहमीचे जेवण घ्या, म्हणजे झाले.