गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा आहे? आधी हिशेब मांडू

(जबलपूरच्या मराठी कुटुंबांसाठी झालेल्या बचत-शिबिरातील भाषण)



बचतीच्या शिबिरात गेमिंग कॉम्प्युटरचं काय काम, असं इथल्या ज्येष्ठांना वाटेल. पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरात सोळा ते बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी ही मागणी ऐकलेली असणार. रक्कमही लहान नाही. मध्यमवर्गीय घरात टीव्ही, फ्रिज आणि दुचाकीच्या खालोखाल आता हाच खर्च येतो. तेव्हा त्याला नावं ठेवत बसण्यापेक्षा नीट कसा करायचा ते बघू.

मी बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली. लोकांना कर्जाचे कागद समजावून सांगण्यात आयुष्य गेलं. तरी या बाबतीत मीच फसलो, म्हणून आज बोलायला उभा आहे.

२०२२ च्या दिवाळीतली गोष्ट. माझा भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा. ताई म्हणाली, "अरे, तुझ्या कार्डावर हप्ते होतील का? दरमहा मी तुला पैसे देत जाईन." मी कार्ड दिलं. एका दुकानातून तयार 'गेमिंग सेट' आला. आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि काचेच्या डब्यात रंगीत दिवे. किंमत ३६,००० रुपये, बारा हप्ते, प्रत्येकी ३,०००. 'नो-कॉस्ट ईएमआय', म्हणजे म्हणे व्याज शून्य. बिलावर एकच ओळ होती : 'कॉम्प्युटर सेट, नग १'. बँकेतला माणूस असून मी ते बिल घडी घालून खिशात ठेवलं.

जूनमध्ये एका दुपारी वीज गेली, आली, परत गेली. आपल्याकडे उन्हाळ्यात हे नवीन नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा डब्यातून जळका वास आला. पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, पॉवर सप्लाय 'लोकल' आहे, त्याला वॉरंटी नाही. बोर्डाचा सिरियल नंबर बिलावर नाही, तेव्हा तो आमचाच कशावरून? दुसऱ्या एका कारागिराने डबा उघडला तेव्हा कळलं, तो आय-फाइव्ह २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा होता. आय-फाइव्ह हे नाव खोटं नव्हतं, पण त्याचं वय कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मशीन जूनमध्ये मेलं. हप्ते ऑक्टोबरपर्यंत होते. उरलेले चार हप्ते, म्हणजे १२,००० रुपये, आम्ही मेलेल्या डब्यासाठी भरले. भाच्याने तो डबा पलंगाखाली सरकवून दिला आणि काही महिने माझ्यासमोर यायचं टाळलं. पैसे गेल्यापेक्षा मला हे जास्त लागलं. चूक माझी होती आणि मान खाली त्याची होती.

आता त्या चुकीचे तुकडे करून बघू.

पहिला तुकडा, शून्य व्याज. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. व्याज किमतीत मिसळलेलं असतं, नाहीतर रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. आमच्याच दुकानात तोच सेट रोखीने ३४,००० ला होता, हे नंतर कळलं. शिवाय बँक प्रोसेसिंग फी घेते, आणि फीवर व व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकानदाराने व्याजाइतकी सूट दिली, तरी हा जीएसटी आपल्याच खिशातून जातो. आणि कार्डाचं बिल थकलं, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसू शकतं. साडेतीन गुणिले बारा, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. सावकारालाही लाज वाटेल असा हा दर आहे.

म्हणून हप्ता घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "रोख दिले तर किती?" दोन आकड्यांमधला फरक म्हणजे व्याज.

दुसरा तुकडा, उलटा हप्ता. जो हप्ता वस्तू घेतल्यावर भरणार, तोच घेण्याआधी भरायचा. हप्ते संपल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, भाच्याने स्वतःच्या पहिल्या नोकरीच्या पगारातून बँकेत आवर्ती ठेव उघडली. दरमहा २,५००, मुदत बारा महिने. साडेसहा टक्के दर धरला तर भरलेले ३०,००० आणि वर साधारण १,०५० व्याज. कर्जाच्या हप्त्यात व्याज आपण देतो, या हप्त्यात ते आपल्याला मिळतं.

काही जण विचारतील, पोस्टाची आरडी का नाही? पोस्टाची आरडी चांगली आहे, पण ती पाच वर्षांची असते. तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही, आणि नंतर मुदतीआधी बंद केली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. वर्षभरात लागणारा पैसा वर्षभराच्याच ठेवीत ठेवावा. मुदत गरजेला जुळली पाहिजे. आणि ठेव बँकेतच ठेवा, दुकानाच्या 'बचत योजनेत' नको. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, एका बँकेत, पाच लाखांपर्यंत विमा आहे. दुकानाच्या योजनेला तो नाही.

या बारा महिन्यांचा आणखी एक फायदा झाला. मुलाने अभ्यास केला. कोणता भाग कशाला लागतो, हे तो मला शिकवायला लागला. माझ्यासमोर परत बसायला लागला.

तिसरा तुकडा, पैसे कुठे घालायचे. इथे व्हेइकल फॅक्टरीत काम केलेली मंडळी बसली आहेत. शक्तिमान ट्रक जोडताना इंजिन मोठं आणि बाकी सगळं कमजोर असं कुणी केलं असतं का? कॉम्प्युटरचंही तसंच. सगळ्यात कमजोर भाग बाकीच्यांना मागे खेचतो. रंगीत दिव्यांनी वेग वाढत नाही, फक्त किंमत वाढते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये तीन दुकानांतून लेखी भाव घेतले. शेवटी आमचा हिशेब असा जमला :

प्रोसेसर, रायझन ५ ५६००जी : ११,५००
मदरबोर्ड, बी५५० : ८,०००
रॅम, ८ जीबीच्या दोन पट्ट्या : ३,६००
पॉवर सप्लाय, ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ : ४,०००
कॅबिनेट, दोन पंख्यांचं : २,५००
एकूण : २९,६००

मॉनिटर, कीबोर्ड आणि एसएसडी जुन्या सेटमधले वाचले होते, ते वापरले. जुनी रॅम मात्र डीडीआर-३ होती, ती नव्या बोर्डात बसत नाही. ज्यांना कोरी पाटी आहे, त्यांनी एसएसडी, मॉनिटर आणि कीबोर्ड-माउस यांचे तेव्हाच्या भावाने दहा-अकरा हजार आणखी धरायला हवे होते.

या यादीत ग्राफिक्स कार्ड नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम नाही घेतलं. ५६००जी हा २०२१ साली आलेला सहा कोअरचा प्रोसेसर आहे आणि ग्राफिक्स त्याच्या पोटातच असतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ हे खेळ त्यावर चालतात, आणि हे खेळ फुकट आहेत. रॅमच्या दोन पट्ट्या यासाठी, की पोटातलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांनी त्याला दुहेरी रस्ता मिळतो. १६ ची एकच पट्टी घातली तर खेळ अडखळतो.

मोठे, नवे खेळ खेळायचे असतील तर वेगळं कार्ड लागेल. ते दुसऱ्या वर्षीच्या आरडीतून घ्यावं. आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॉट खातं, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय ते सहज पेलतो. म्हणजे पाया आज घातला, मजला उद्या चढवता येतो. तयार सेटमध्ये ही सोय बहुधा नसते, कारण पैसे वाचवायला सगळ्यात आधी पॉवर सप्लायच हलका घातलेला असतो. जो भाग दिसत नाही, त्यावर कंजूषी करू नका.

आरडीतून उरलेल्या १,४५० रुपयांत थोडी भर घालून आम्ही यूपीएस घेतला. पहिल्या वेळी तो असता, तर कदाचित आजचं भाषण मला द्यावं लागलं नसतं.

चौथा तुकडा, बिल. या वेळी प्रत्येक भागाची वेगळी ओळ, मॉडेलचं पूर्ण नाव, सिरियल नंबर आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक, एवढं असल्याशिवाय पैसे दिले नाहीत. प्रोसेसर आणि मदरबोर्डावर साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, पण ती मिळते बिल आणि सिरियल नंबर जुळले तर. बिलाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. छापील बिलाची शाई उडते. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पण तिथेही पहिला कागद बिलाचाच मागतात.

आता सेकंडहँडचं. जुनं घेणं वाईट नाही, आंधळेपणाने घेणं वाईट. दोन गोष्टी बघा. एक, प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यापेक्षा जुना सेट स्वस्त दिसतो, पण व्हॅलोरंटसारखे खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूटही मागतात. दोन, ग्राफिक्स कार्डाचा इतिहास. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं 'मायनिंग' बंद केलं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. जुनं कार्ड घेताना ते आपल्यासमोर अर्धा तास खेळ लावून चालवून बघा. हो म्हणणारा विक्रेता बरा, टाळाटाळ करणाऱ्याला नमस्कार करून निघा.

भावांबद्दलही सांगतो. माझी यादी आजचा भाव म्हणून वापरू नका. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली, की आमची ३,६०० ची रॅम दुपटीहून महाग झाली. अशा वेळी घाई करून हप्त्यावर घ्यायचं नाही. आरडी चालू ठेवा, चालू असलेला कॉम्प्युटर ओढा, किंवा ८ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरीची जागा मोकळी ठेवा. हातात पैसा असणारा थांबू शकतो. हप्तेवाल्याला थांबता येत नाही.

शेवटचं, आणि हे मुलांसाठी. "मामा, गेम खेळूनच हप्ते फेडीन," असं मला भाच्याने तेव्हा सांगितलं होतं. असं सांगणारी मुलं अजून आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. 'खेळा आणि कमवा' असं सांगणारं कुणी भेटलं तर ते कायद्याबाहेरचं आहे असंच धरा, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा. खेळ हा करमणुकीचा खर्च आहे. तो करावा, पण मिळकतीच्या रकान्यात लिहू नये.

भाच्याने तो कॉम्प्युटर माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने जोडला. स्क्रू मी धरून बसलो होतो. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही आणि आम्हा दोघांचे चेहरे उतरले. मग कळलं, मागचं बटण बंद होतं. ताई खोव्याची जिलबी घेऊन आली. पलंगाखालचा जुना डबा त्याच दिवशी भंगारात गेला. या वेळी कुठलाही हप्ता बाकी नव्हता.

घरी जाऊन एवढं करा :

१. मुलाबरोबर बसून तो कोणते खेळ खेळणार ते लिहा. यादीवरून यंत्र ठरवा, यंत्रावरून यादी नको.
२. 'रोख किती, हप्त्याने एकूण किती' हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.
३. जो हप्ता झेपेल असं वाटतं, त्याच रकमेची बारा महिन्यांची आवर्ती ठेव उघडा. ती भरणं जड गेलं, तर कर्जाचा हप्ताही जड गेला असता, हे फुकटात कळेल.
४. पॉवर सप्लाय आणि यूपीएस यांचे पैसे आधी बाजूला काढा.
५. सिरियल नंबर नसलेलं बिल स्वीकारू नका.
६. आपलं कार्ड दुसऱ्याला देण्याआधी त्याच्याबरोबर दुकानात जा. प्रेमापोटी दिलेल्या कार्डाचं बिल शेवटी आपल्याच नावावर येतं.